हे काढू नये

माझी एक तक्रार आहे आणि ती नोंदवून घ्यायला कोणी नाही. नळाला पाणी आलं नाही तर सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करता येतो. रिक्षावाला ‘तिकडे नाही जात’ म्हणाला तर निदान त्याच्या पाठीकडे रागाने बघता येतं. माझ्या कॉम्प्युटरवर मला ज्या बारीकसारीक गोष्टींचा जाच होतो, त्या मात्र सगळ्या मी स्वतः, स्वतःच्या हाताने, बहुतेक वेळा रात्री अकरा ते अडीचच्या दरम्यान बसवून घेतल्या आहेत. तक्रार करणारा मी, ज्याच्याविरुद्ध करायची तोही मी आणि निवारण अधिकारीही मीच. हा अधिकारी कधी जागेवर सापडत नाही. कुठेतरी सेटिंग बदलत बसलेला असतो.

मी प्रोग्रामर आहे, पुण्यात राहतो आणि टर्मिनलमध्ये चालणारा एडिटर वापरतो. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी वर्णन: काळा पडदा, त्यावर अक्षरं. मेनू नाही, आयकॉन नाहीत, माउसला हात लावायचा नाही. आईने पहिल्यांदा पाहिला तेव्हा विचारलं, “बिघडलाय का रे?” म्हटलं, नाही, हा असाच असतो. “मग चांगला घे की एखादा,” ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. आईने दोन वाक्यांत निकाली काढलेल्या या विषयावर माझी बारा वर्षं गेली आहेत.

या एडिटरचं घराणं जुनं आहे. ‘व्हीआय’ हा मूळ पुरुष 1976 च्या सुमारास कॅलिफोर्नियात, बर्कलीला शिकणाऱ्या बिल जॉयने लिहिला. त्याचा मोडेम 300 बॉडचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीस अक्षरं येणार. अशा परिस्थितीत माणूस मोजकं बोलतो, म्हणून आज्ञा एकेका अक्षराच्या. समोरचं टर्मिनल एडीएम-3ए. त्याला बाणांची वेगळी बटणं नव्हती, बाण छापलेले होते एच, जे, के आणि एल या अक्षरांवर, म्हणून कर्सर हलवायला तीच अक्षरं. एस्केप होतं आज टॅब असतं तिथे, करंगळीशेजारी, म्हणून लिहून झालं की एस्केप दाबायचं असं ठरलं. थोडक्यात, जॉयने समोर जे होतं त्यात भागवलं. आपल्याकडे चाळीत राहणाऱ्या कुठल्याही कुटुंबाने हेच केलं असतं. फरक एवढाच, की चाळ पाडून टॉवर झाल्यावर कोणी सकाळी बादली घेऊन मजल्याच्या टोकाला रांगेत उभं राहत नाही. आम्ही राहतो.

पुढे 1991 मध्ये ब्रॅम मूलेनार या डच गृहस्थांनी व्हीआयची आपली आवृत्ती, ‘विम’, आमिगा कॉम्प्युटरसाठी प्रसिद्ध केली. विम फुकट मिळतो. आवडला तर युगांडातल्या गरजू मुलांना मदत करा, असं तो उघडल्यावर पहिल्याच पडद्यावर लिहिलेलं असतं. मला तो पडदा फार साधा वाटला, म्हणून मी तिथे अक्षरांतून काढलेला गणपती बसवला. युगांडा त्याच्यामागे झाकला गेला, ही टोचणी मला आहे. शिवाय एकदा फॉन्ट बदलला तेव्हा गणपतीची सोंड सरकून उजवीकडे आली. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सगळं साग्रसंगीत करावं लागतं, म्हणून मी फॉन्ट पूर्ववत केला. 2023 च्या ऑगस्टमध्ये मूलेनार गेल्याची बातमी आली, त्या दिवशी मात्र मी सेटिंगच्या कुठल्याही फाइलीला हात लावला नाही. गेल्या बारा वर्षांत तेवढा एकच दिवस मी ऑफिसचं काम केलं.

आता एस्केपचं बघू. टर्मिनलं जाऊन आजचे कीबोर्ड आले, त्यात एस्केप डाव्या वरच्या कोपऱ्यात गेलं. तिथपर्यंत हात न्यायला मला साधारण अर्धा सेकंद लागतो. दिवसाला पाचशे वेळा धरलं तर चार मिनिटं झाली. ही चार मिनिटं वाचवण्यासाठी मी कॅप्स लॉकचंच एस्केप करून टाकलं. त्याला एक आख्खा रविवार लागला, पण तो भांडवली खर्च.

त्या काळी घरात लॅपटॉप एकच होता. एके दिवशी बायको कसलासा ऑनलाइन फॉर्म भरत होती. नाव मोठ्या लिपीत टाकायचं म्हणून तिने कॅप्स लॉक दाबलं. समोर ओटीपीची चौकट उघडी होती, ती मिटली. तिने पुन्हा ओटीपी मागवला, पुन्हा कॅप्स लॉक दाबलं, पुन्हा चौकट मिटली. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे बघितलं आणि फोडणी करपल्यावर विचारतात त्या आवाजात विचारलं, “तू यात काय केलंयस?” मी तिला बिल जॉय, करंगळी आणि एडीएम-3ए हे समजावून सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं. आता तिचा वेगळा लॅपटॉप आहे. रोजची चार मिनिटं आम्हाला पंचेचाळीस हजार रुपयांना पडली.

तीही हाती लागली नाहीत. एस्केप दाबलं की एडिटर क्षणभर विचारात पडायचा, मग हलायचा. कारण असं की टर्मिनलच्या भाषेत बाणाच्या बटणाचा संदेशसुद्धा एस्केपनेच सुरू होतो: आधी एस्केप, मग चौकटी कंस, मग एक अक्षर. त्यामुळे नुसतं एस्केप आलं तर ऐकणाऱ्याला कळत नाही, की गृहस्थांचं बोलणं संपलं की वाक्य अजून पुढे आहे. म्हणून तो सभ्यपणे थांबतो. माझ्या आणि एडिटरच्या मध्ये मी टीमक्स नावाचा आणखी एक प्रोग्राम बसवला होता, एकाच पडद्याच्या चार खोल्या करण्यासाठी. त्याची थांबण्याची मुदत कित्येक वर्षं 500 मिलिसेकंद ठरलेली होती, म्हणजे बरोबर अर्धा सेकंद. हात न उचलल्यामुळे वाचलेला अर्धा सेकंद मधल्यामध्ये टीमक्स काढून घेत होता. हा हिशेब माझ्या लक्षात यायला चार वर्षं गेली. पाचशेच्या जागी दहा लिहायला तीन सेकंद लागले.

ही सगळी सेटिंगं ज्या फाइलींत राहतात त्यांची नावं टिंबाने सुरू होतात, आणि टिंबाने सुरू होणारी फाइल नेहमीच्या यादीत दिसत नाही. हेही कोणी विचार करून ठरवलेलं नाही. युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांत, यादी दाखवणाऱ्या प्रोग्रामने ‘.’ आणि ‘..’ या दोन नोंदी गाळाव्यात म्हणून पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं गेलं, आणि टिंबाने सुरू होणारं सगळंच गडप व्हायला लागलं, असं रॉब पाइक यांनी लिहून ठेवलं आहे. यांतल्या बऱ्याच नावांच्या शेवटी ‘आरसी’ येतं. ते 1960 च्या दशकात एमआयटीतल्या एका यंत्रणेवर आज्ञांची फाइल चालवणाऱ्या ‘रनकॉम’चं उरलेलं शेपूट. म्हणजे पुढे एक चूक, मागे एक शेपूट आणि मध्ये माझी उमेदीची वर्षं.

टिंबाच्या फाइली म्हणजे घरातला माळा. पाहुण्यांना दिसत नाही, आणि आपणही शिडी लावल्याशिवाय वर जात नाही. माझ्या माळ्यावर सध्या 1,412 ओळी आहेत. गेल्या महिन्यात ऑफिसच्या प्रोजेक्टमध्ये मी 37 ओळी लिहिल्या. या 1,412 मध्ये एक ओळ अशी आहे की तिच्या डोक्यावर माझ्याच हातची सूचना आहे: ‘हे काढू नये.’ तारीख 2017 ची. का काढू नये, ते लिहिलेलं नाही. आमच्या गावच्या घरात एक कोनाडा होता. त्यात दिवा ठेवायचा नाही, असं आजी सांगायची. का, म्हणून विचारलं तर ‘नाही ठेवायचा म्हणजे नाही ठेवायचा’. आजीला निदान तिच्या सासूने सांगितलेलं होतं. मला मीच सांगितलंय आणि मलाच आठवत नाही.

इथे आईच्या मिसळणाच्या डब्याबद्दल सांगायला हवं. सात वाट्या: मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंग, मेथ्या आणि गोडा मसाला. चाळीस वर्षं मांडणी तीच. फोडणी घालताना आई डब्याकडे बघत नाही, टीव्हीकडे बघते. एकदा डबा घासून पुसून ठेवताना बायकोकडून हळदीची आणि तिखटाची वाटी अदलाबदल झाली. त्या संध्याकाळच्या वरणाचा उल्लेख आमच्याकडे अजूनही नुसता ‘तेव्हा’ असा होतो. चाळीस वर्षांत एक ‘तेव्हा’.

माझ्याकडे दर मंगळवारी ‘तेव्हा’ असतं. एडिटरला जोडायच्या प्लगिनांची व्यवस्था बघायला एक वेगळा प्लगिन लागतो. माझा पहिला व्यवस्थापक ‘पॅथोजेन’, म्हणजे रोगजंतू. नावातच इशारा होता. मग ‘वंडल’, मग ‘विम-प्लग’, मग ‘पॅकर’, आता ‘लेझी’, म्हणजे आळशी. प्रत्येक वेळी डबा तोच, वाट्या त्याच, फक्त सगळा मसाला ताटात ओतून नव्या क्रमाने भरायचा. मध्येच 2014 मध्ये ब्राझीलच्या थियागो द अरुडा यांनी विमला फाटा फोडून ‘निओविम’ सुरू केला, आणि 2021 मध्ये असं झालं की सेटिंगची आख्खी फाइल लुआ भाषेत लिहिता येऊ लागली. लुआ 1993 ची, रिओ द जानेरोतली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. विमची स्वतःची विचित्र भाषा मला नुकती कुठे समजायला लागली होती. तरी मी आठशे ओळींचं चंद्राच्या भाषेत भाषांतर केलं. दिवाळीची सुट्टी होती. आकाशकंदिलाची वायर जोडायची तेवढी राहिली. भाषांतर झाल्यावर एडिटर अगदी पूर्वीसारखा चालू लागला, आणि त्याबद्दल मला विलक्षण अभिमान वाटला.

एडिटर लावून झाला की माणसाला वाटतं, आता बाकीचं घरही हातासरशी लावून घ्यावं. साध्या कॉम्प्युटरवर खिडक्या एकमेकींवर पडतात, ओढून बाजूला करता येतात. मी त्याऐवजी ‘आयथ्री’ बसवलं. 2009 मध्ये मिखाएल श्टापेलबर्ग या जर्मन प्रोग्रामरने सुरू केलेला हा कारभार. त्यात खिडक्या फरशीसारख्या एकीला एक चिकटून बसतात, कुठेही फट नाही. मिटवायला कोपऱ्यात फुली नाही, खाली मेनू नाही. आमच्या टीममध्ये नुकतीच रुजू झालेली मुलगी एकदा माझ्या जागेवर काहीतरी बघायला बसली. दोन मिनिटांनी म्हणाली, “सर, हे बंद कुठून करायचं?” मी चार बटणांची एक जुळणी सांगितली. तिने ती दाबली आणि पडदा आडवा झाला. ती स्वतः जो एडिटर वापरते तो आला तसाच आहे, पांढराशुभ्र. ती सहा वाजता लॅपटॉप मिटून कंपनीच्या बसने घरी जाते. मला तिची काळजी वाटते.

पडद्याच्या वरच्या कडेला मी एक पट्टी केली आहे. तिच्यावर बॅटरी, प्रोसेसरचा ताप आणि पुण्याचं हवामान दिसतं. खिडकी त्या पट्टीपासून दीड फुटावर आहे. मागच्या पावसाळ्यात पट्टीवर ‘निरभ्र’ वाचून मी बाहेर गेलो आणि चिंब होऊन परत आलो. परत आलो तरी पट्टीवर निरभ्रच होतं, म्हणून मी केस न पुसता ती दुरुस्त करायला बसलो.

नंतर कळलं की आयथ्री ज्या पायावर उभं आहे तो ‘एक्स’ 1984 चा, एमआयटीतला, आणि आता सगळे 2008 मध्ये सुरू झालेल्या ‘वेलँड’वर राहायला चाललेत. मीही गेलो. नव्या घरात सगळं छान होतं, फक्त मीटिंगमध्ये आपला पडदा दुसऱ्यांना दाखवायचा तर आणखी दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलावे लागतात, आणि माझ्याकडे त्यांचा अबोला होता. मी एका ग्राहकाला चाळीस मिनिटं यंत्रणेची रचना समजावून सांगितली. त्यांना पूर्ण वेळ काळा आयत दिसत होता. कोणी काही बोललं नाही. शेवटी त्यांच्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “डिझाइन फार सुटसुटीत आहे.”

रंगांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल थोडक्यात सांगता येत नाही. 2011 मध्ये ईथन स्कूनओव्हर यांनी ‘सोलराइज्ड’ नावाची सोळा रंगांची संगती काढली, उजळ आणि गडद दोन्ही पार्श्वभूमींवर शोभेल अशी, मोजूनमापून केलेली. ती मी घेतली आणि तिच्यातला एक रंग बदलला. मग उरलेले पंधरा विशोभित दिसायला लागले. तेव्हापासून मी रंगांच्या शोधात आहे. यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. संगती कुणाचीही असो, कॉमेंट बहुतेक फिकट राखाडी असते. यंत्रासाठी लिहिलेलं ठळक, माणसाने माणसासाठी लिहिलेलं फिकट. माझ्या कॉमेंटचा राखाडी मी दिवाळीत, संध्याकाळच्या उजेडात ठरवला. मार्चपासून दुपारी खिडकीतून ऊन येतं, तेव्हा कॉमेंट दिसत नाहीत.

आता मराठीचं. टर्मिनल म्हणजे शाळेतली गणिताची चौकटीची वही, एका चौकटीत एक अक्षर. ओळीला 80 चौकटी, आणि हा आकडा आयबीएमच्या 1928 च्या पंचकार्डापासून चालत आलेला. इंग्रजी अक्षरं या चौकटींत हॉस्टेलच्या मुलांसारखी राहतात. देवनागरी एकत्र कुटुंबवाली. काना शेजारी, मात्रा डोक्यावर, उकार पायाशी, आणि पहिली वेलांटी तर अशी, की टाइप करायची अक्षरानंतर आणि दिसायची अक्षराआधी. बहुतेक टर्मिनलांना या घरातल्या रीती माहीत नाहीत. त्यामुळे ‘किती’मधली पहिली वेलांटी क ला सोडून त च्या गळ्यात पडते, आणि जोडाक्षरं पाय मोडून वेगळी निघतात.

हेही चाललं असतं. खरी गंमत आज्ञांची आहे. फाइल साठवून बाहेर पडायचं तर एडिटरमध्ये विसर्गासारखी दोन टिंबं, डब्ल्यू आणि क्यू असं दाबायचं असतं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड मराठीवर असेल तर त्या जागी अनुक्रमे छ, ऐकाराच्या मात्रा आणि औकाराच्या मात्रा आहेत. एस्केप दाबायला विसरलात तर लेख साठवला जात नाही, लेखात ‘छैौ’ उमटतं. खाली जायचं म्हणून जे दाबून धरलं तर ‘रररररर’ येतं, वर जायचं म्हणून के दाबलं तर ‘ककककक’. दिवाळी अंकासाठी मी एक लेख दिला होता, त्यात अशा अकरा जागा राहून गेल्या. संपादकांचा फोन आला. “बाकी लेख ठीक आहे,” ते म्हणाले, “पण हे ‘छैौ’ म्हणजे काय? बोलीतला शब्द आहे का?” एका एडिटरची वागणूक दुसऱ्या एडिटरला फोनवर समजावून सांगणं सोपं नसतं. मी म्हटलं, हो, आमच्या भागात वैताग आल्यावर म्हणतात. त्यांनी दोन ठिकाणी ठेवला आणि खाली अर्थ दिला. एस्केप दाबलं तरी कीबोर्ड मराठी असेल तर आज्ञा समजत नाहीतच. त्यावर लँगमॅप नावाचं सेटिंग आहे, त्याने निदान एकेका अक्षराच्या आज्ञा समजतात. ते मी बसवायला घेतलंय. सत्तेचाळीस ओळी झाल्या आहेत. छैौ.

तर ‘हे काढू नये’.

गेल्या महिन्यात मी माळा आवरायला काढला. पोथीत लिहिलंय म्हणून पाळणाऱ्यांतला मी नाही. ज्या ओळीचं कारण सांगता येत नाही ती ओळ ठेवायची नाही, असं ठरवून मी ती काढली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. आपण सात वर्षांहून अधिक काळ एक अंधश्रद्धा सांभाळत होतो, असं मी चहाच्या वेळी त्या मुलीला सांगितलं. ती “हो का, सर,” म्हणाली.

शुक्रवारी ग्राहकासमोर प्रात्यक्षिक होतं. प्रोग्राम माझ्याच मशीनवर चालू होता, टर्मिनलमध्ये त्याच्या नोंदी भराभर सरकत होत्या. दहा मिनिटांनी नोंदी थांबल्या. पडदा जागच्या जागी गोठला. बटणं दाबून काही होईना. प्रोग्रामही उत्तर देईना. मी “लोड जरा वाढलेला दिसतोय,” असं म्हणालो. त्या वेळी तो प्रोग्राम फक्त मी वापरत होतो.

दोन मिनिटं शांतता होती. मग मागून ती मुलगी म्हणाली, “सर, कंट्रोल-क्यू दाबून बघा ना.” मी दाबलं. तुंबलेल्या नळासारखं सगळं एकदम धोधो वाहायला लागलं. हे तुला कसं माहीत, असं नंतर विचारलं, तर तिने मोबाइल दाखवला. ‘टर्मिनल गोठलं’ असं तिने शोधलं होतं. पहिलंच उत्तर.

झालं होतं ते असं. 1963 च्या मॉडेल 33 टेलिटाइप यंत्रांना कागदी पट्टी वाचणारा भाग जोडलेला असे. कंट्रोल-एस म्हणजे पट्टी थांबव, कंट्रोल-क्यू म्हणजे चालू कर. ती यंत्रं गेली, पट्ट्या गेल्या, पण आज्ञा टर्मिनलच्या पोटात राहिल्या. अजूनही कंट्रोल-एस दाबलं की टर्मिनल छापणं थांबवतं, आणि छापू दिलं जात नाही म्हटल्यावर प्रोग्रामही तिथेच हाताची घडी घालून उभा राहतो. माझी ती ओळ हा टेलिटाइपचा वारसा बंद करणारी होती.

मी कंट्रोल-एस कशासाठी दाबलं, हा प्रश्न उरतो. दाबलं नाही, हात आपणहून गेला. मी सांगलीकडे इंजिनीअरिंगला होतो, तेव्हा भारनियमन चालू होतं. वेळापत्रक पेपरात यायचं आणि वीज त्याव्यतिरिक्तही जायची. हॉस्टेलच्या कॉम्प्युटरला बॅटरी नव्हती. एकदा रात्री तीन तास लिहिलेला प्रोजेक्ट रिपोर्ट पंख्याबरोबर बंद पडला. त्यानंतर डाव्या करंगळीने आणि अनामिकेने दर वाक्याला कंट्रोल-एस दाबायला सुरुवात केली, कोणी सांगावं लागलं नाही. आता लॅपटॉपला बॅटरी आहे, इमारतीला जनरेटर आहे, एडिटर आपोआप साठवतो. बोटांना हे कोणी कळवलेलं नाही. मी घाबरलो की ती आपली साठवत सुटतात. 2017 मध्ये मला हे सगळं एकदा समजलं होतं, त्याचा बंदोबस्तही मी केला होता आणि वर सूचनाही लिहिली होती. कारण लिहिलं नाही, कारण ते इतकं ताजं होतं की विसरणं शक्य वाटलं नाही.

त्या रात्री मी ओळ परत घातली. तिच्यावर ‘हे काढू नये’ होतंच. त्याखाली नवी ओळ लिहिली: ‘काढून पाहिलं. काढू नये.’ तारीख टाकली. आता त्याखाली टेलिटाइप, सांगली, भारनियमन, करंगळी, सगळं कारण एकदाचं नीट लिहून टाकायचं, म्हणून कर्सर खाली नेला.

तेवढ्यात मला कॉमेंटचा राखाडी जरा जास्तच फिकट वाटला.